पदवी प्रमाणपत्राचे परदेशासाठी प्रमाणीकरण कसे करून घ्यावे

परराष्ट्र मंत्रालय पदवी प्रमाणपत्राच्या पाठीवर अपॉस्टिलचा जो चौकोनी कागद चिकटवते, त्यावर क्रमांक घातलेल्या दहा नोंदी असतात: देश, सही कोणाची, सही करणाऱ्याचे पद, शिक्का कोणत्या कार्यालयाचा, ठिकाण, तारीख, प्रमाणित करणारा अधिकारी, अनुक्रमांक, मोहर आणि सही. तुम्ही काय शिकलात, किती गुण मिळाले आणि परदेशात ती पदवी कशाच्या तोडीची मानली जाईल, याविषयी त्या दहा नोंदींत एक अक्षरही नसते. अपॉस्टिल एवढेच सांगते की खालची सही अमुक अधिकाऱ्याची आहे आणि ती करण्याचा त्याला अधिकार होता. प्रमाणीकरणाच्या कामात लोकांची जी फरफट होते तिचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, कारण ‘पदवी प्रमाणित करणे’ म्हणजे पदवीची पारख करून घेणे अशी समजूत करून ते निघतात, आणि प्रत्यक्षात ते एका सहीवर दुसरी आणि दुसरीवर तिसरी सही गोळा करत असतात.

ही साखळी खालून वर जाते. विद्यापीठाची सही राज्य शासनाला ओळखता येते, राज्य शासनाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना परराष्ट्र मंत्रालयाकडे असतो, आणि परराष्ट्र मंत्रालयाची सही परदेशी दूतावास किंवा परदेशी शासन मान्य करते. प्रत्येक पायरीवरचा अधिकारी फक्त आपल्या लगतच्या खालच्या पायरीला ओळखतो. त्यामुळे मधली एक पायरी गाळून थेट वर गेलेला कागद नियमाप्रमाणेच परत येतो, आणि तिथे कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो.

कोणत्याही कार्यालयाच्या रांगेत उभे राहण्याआधी जिथे कागद द्यायचा आहे तिथून, म्हणजे नियोक्ता, विद्यापीठ किंवा परवाना देणारी संस्था यांच्याकडून, नेमके काय हवे आहे ते लेखी मागवून घ्यावे. ‘अटेस्टेड डिग्री’ एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नये. अपॉस्टिल हवे की दूतावासाचे साक्षांकन, फक्त पदवी प्रमाणपत्र हवे की गुणपत्रिकाही, राज्याच्या शिक्षण विभागाचा शिक्का आवश्यक आहे का, आणि भाषांतर लागते का, हे चार प्रश्न ईमेलने विचारावेत आणि आलेले उत्तर छापून कागदपत्रांच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावावे. पुढे एजंट किंवा खिडकीमागचा कर्मचारी वेगळे काही सांगू लागला की हा एक कागद फार उपयोगी पडतो.

देशानुसार मार्ग दोन होतात. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने दूतावासांमार्फत होणारे लांबलचक साक्षांकन काढून टाकून त्याजागी अपॉस्टिल आणले, आणि भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. करारात असलेल्या देशासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल ही भारतातील शेवटची पायरी असते. इटली, स्पेन आणि पोर्तुगाल हे जुने सदस्य आहेत. आखाती देशांपैकी ओमान २०१२ पासून, बहारीन २०१३ च्या अखेरीपासून आणि सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून करारात आहे. सौदीच्या बाबतीत दूतावास आणि सांस्कृतिक कार्यालय यांच्या जुन्या फेऱ्यांचे दर अजूनही कोणी सांगत असेल, तर नियोक्त्याने तशी लेखी मागणी केली आहे का, हे आधी तपासावे. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार यांच्यासाठी मात्र जुनाच मार्ग आहे: राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन, मग त्या देशाचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि तिथे पोहोचल्यावर त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. या तिन्ही देशांचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत, ही महाराष्ट्रातल्या उमेदवारांची त्यातल्या त्यात सोय.

जर्मनीची गोष्ट निराळी आहे. जर्मनी करारात आहे आणि भारतही आहे, पण भारताच्या सहभागाला जर्मनीने आक्षेप नोंदवल्यामुळे या दोन देशांमध्ये अपॉस्टिल लागू होत नाही. तिथे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन कक्षाचे, प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि नोकरीसाठी जाणाऱ्याने आपले विद्यापीठ व पदवी ‘अनाबिन’ या जर्मन माहितीसंचात कशी नोंदली आहे ते पाहायचे असते. जर्मनीसाठी अपॉस्टिल करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी एवढे माहीत असलेले बरे.

कॅनडानेही ११ जानेवारी २०२४ पासून अपॉस्टिल स्वीकारले आहे, परंतु स्थलांतरासाठी अर्ज करणाऱ्याला त्याची सहसा गरज पडत नाही, कारण तिथे शैक्षणिक मूल्यांकनाचा अहवाल मागतात. डब्ल्यूईएससारखी संस्था तो देते आणि त्यासाठी विद्यापीठाने गुणांचा तपशील, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, थेट त्या संस्थेकडे पाठवायचा असतो. हा अहवाल कॅनडाच्या स्थलांतर अर्जासाठी पाच वर्षे चालतो. ब्रिटनमध्ये पदवीची तुलना सांगणारे काम यूके एनिक ही संस्था करते. डॉक्टर आणि परिचारिका यांना आखाती देशांत परवाना घेताना डेटाफ्लो नावाची पडताळणी करावी लागते, तिच्यात पडताळणी करणारी संस्थाच विद्यापीठाला आणि वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेला विचारणा करते. ही सगळी कामे साक्षांकनाहून वेगळी आहेत. एक झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही, आणि दुसरेच हवे असताना पहिल्यावर पैसे घालवणारे लोक मी बरेच पाहिले आहेत.

नाव आधी जुळवावे

महाराष्ट्रातल्या कागदांची खरी अडचण शिक्क्यांपेक्षा नावात असते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी बऱ्याचदा आईचे नाव छापलेले असते. समजा गुणपत्रिकेवर ‘देशपांडे अनघा श्रीकांत सुनंदा’ असे आहे. परदेशातला कर्मचारी पहिला शब्द म्हणजे स्वतःचे नाव आणि शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असे धरून चालतो, आणि त्याच्या संगणकावर श्रीमती सुनंदा नावाची एक नवीनच व्यक्ती तयार होते, जिच्या नावाचे पारपत्र कुठेच नाही. त्यात अनघाबाई लग्नानंतर कुलकर्णी झाल्या असतील, आणि सासरच्या रीतीप्रमाणे त्यांचे स्वतःचे नावही बदलले असेल, तर पदवी आणि पारपत्र यांत एकही शब्द समान उरत नाही. ‘श्रीकांत’चे इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि पदवीवर दुसरे असणे, हा तर घरोघरीचा प्रकार आहे.

म्हणून पारपत्र, दहावीचे प्रमाणपत्र, पदवी आणि शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावातले अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. छापताना विद्यापीठाची चूक झाली असेल, म्हणजे विद्यापीठाच्या स्वतःच्या नोंदीत नाव बरोबर असून प्रमाणपत्रावर चुकले असेल, तर दुरुस्ती तिथेच मागावी. नाव नंतर बदलले असेल तर विद्यापीठ जुनी पदवी नव्या नावाने देईल अशी अपेक्षा धरू नये. तेथे विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंद हा दुवा ठरतो, आणि तो दुवाही पदवीप्रमाणेच प्रमाणित करून सोबत न्यावा लागतो. केवळ शब्दांचा क्रम किंवा स्पेलिंग यांचा फरक असल्यास ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चालत नाही. ते चालेल का, हा प्रश्न वर सांगितलेल्या ईमेलमध्ये पाचवा म्हणून घालावा.

लॅमिनेशनचा घोळ

आपल्याकडे मुलाची पदवी घरी आली की वडील ती सर्वांत आधी लॅमिनेशनला देतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. प्लास्टिकवर शिक्क्याची शाई टिकत नाही, अपॉस्टिलचा कागद त्यावर नीट बसत नाही आणि लॅमिनेट केलेली कागदपत्रे प्रमाणीकरणासाठी घेतली जात नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीची पदवी अशीच गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट झाली होती. ‘इस्त्रीने सहज सुटते’ असे दुकानदाराने सांगितले आणि त्यानेच सोडवायला घेतले; पुढची बाजू सुटली, पण मागच्या बाजूचा कागदाचा पापुद्रा प्लास्टिकला चिकटून हातभर लांब निघून आला, आणि त्याबरोबर प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूचा सगळा छापील मजकूरही. पुढचे दोन महिने विद्यापीठातून दुय्यम प्रत काढण्यात गेले. प्लास्टिक काढायचेच असेल तर ते घरी किंवा दुकानात करू नये. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला विचारून थेट दुय्यम प्रतीचा अर्ज करणे बहुधा जास्त शहाणपणाचे ठरते. आणि ज्यांची पदवी अजून नळकांड्यात गुंडाळलेली आहे त्यांनी ती सपाट, ॲसिड नसलेल्या कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवावी, एवढे पुरे आहे.

तात्पुरत्या प्रमाणपत्रावर, म्हणजे प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर, काम भागेल असे गृहीत धरू नये. बहुतेक ठिकाणी दीक्षान्त समारंभानंतर मिळणारे मूळ पदवी प्रमाणपत्रच मागतात. ते घ्यायचे राहून गेलेले लोक आश्चर्य वाटावे इतके आहेत, आणि वीस वर्षांनी ते काढायला वीस दिवस पुरत नाहीत.

विद्यापीठापासून मंत्रालयापर्यंत

पहिली पायरी विद्यापीठाची पडताळणी. पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याच्याकडेच जायचे, महाविद्यालय कुठे होते याला महत्त्व नाही, आणि इथे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा इतिहास आडवा येतो. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले, त्यामुळे सोलापूरच्या महाविद्यालयातून १९९८ साली पदवी घेतलेल्याने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे अर्ज करायचा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झाले, त्याआधीची पदवी नागपूरची. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे, त्यामुळे जुन्या डॉक्टरांच्या पदव्या मुंबई, पुणे, नागपूर अशा पारंपरिक विद्यापीठांच्या आहेत. गोवा विद्यापीठ १९८५ साली झाले आणि त्यापूर्वी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून पणजीत शिकलेल्या ज्येष्ठांनाही या कामासाठी मुंबई गाठावी लागते. बेळगावकरांच्या पदव्या कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या असल्यामुळे त्यांची पुढची पायरी बंगळुरूकडे वळते, मुंबईतल्या मंत्रालयाकडे नाही.

नावांची अडचण विद्यापीठांनाही आहे. बॉम्बे विद्यापीठ १९९६ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले, मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला, नागपूरला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे आणि पुण्याला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, जळगावचे विद्यापीठ २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे झाले. परदेशातल्या यादीत आजचे नाव आणि तुमच्या पदवीवर जुने नाव असेल, तर ‘या नावाचे विद्यापीठ यादीत नाही’ असे उत्तर येऊ शकते. पडताळणीचे पत्र घेताना त्यात जुने आणि नवे अशी दोन्ही नावे लिहून देण्याची विनंती करावी. हे एक वाक्य पुढचा महिना वाचवू शकते.

अर्जासोबत मूळ पदवी, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, ओळखपत्र आणि त्यांच्या स्वच्छ प्रती लागतात. आसन क्रमांक, पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक) आणि परीक्षेचा महिना-वर्ष एका कागदावर आधीच लिहून ठेवावेत, कारण जुन्या पदवीची नोंद संगणकावर नसून परीक्षा भवनातल्या बांधीव नोंदवहीत असते आणि ती शोधणारा माणूस याच तीन गोष्टींवर पान काढतो. मुंबई विद्यापीठात हा सगळा कारभार कलिना येथील विद्यानगरी परिसरात, महात्मा जोतीराव फुले भवन या परीक्षा भवनातून चालतो. बाहेरून किंवा दूरशिक्षणाने पदवी घेतली असेल, तर पडताळणीच्या पत्रात अभ्यासाची पद्धत काय होती हे लिहिलेले असावे, कारण आखाती देशांत हा प्रश्न हटकून विचारला जातो आणि तो लपवल्याने अडचण वाढते.

तंत्रनिकेतनातील पदविका विद्यापीठाची नसून तंत्रशिक्षण मंडळाची असते, तर दहावी-बारावीची प्रमाणपत्रे राज्य मंडळाच्या ज्या विभागीय कार्यालयाने दिली तिथून पडताळली जातात. जन्मदाखला आणि विवाहनोंदणी यांची वाट शिक्षण विभागातून जात नाही, ती वेगळी आहे. चार प्रकारचे कागद एकाच गठ्ठ्यात बांधून एकाच खिडकीवर नेण्याचा प्रयत्न करू नये.

त्यानंतर राज्य शासनाचा शिक्का. परराष्ट्र मंत्रालयाचा नियम असा की शैक्षणिक कागद ज्या राज्यातून निघाला त्या राज्याच्या शिक्षण विभागाने तो आधी प्रमाणित केलेला असावा, आणि महाराष्ट्रात पदवीसाठी हा विभाग म्हणजे मंत्रालयातील उच्च व तंत्र शिक्षण विभाग. बाजारात याला ‘एचआरडी’ म्हणतात. याच ठिकाणी दिल्लीतील उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या शिक्क्याचा, म्हणजे ‘एसडीएम’चा, जवळचा रस्ता सुचवला जातो. तो लवकर होतो हे खरे, पण काही देश आणि काही नियोक्ते राज्याच्या शिक्षण विभागाचाच शिक्का मागतात, आणि मग सगळे पहिल्यापासून करावे लागते. तसेच घाईने मूळ प्रमाणपत्रावर नोटरीचा शिक्का मारून घेऊ नये. मागच्या बाजूची जागा मोजकी असते आणि पुढच्या शिक्क्यांसाठी ती लागणार असते.

परराष्ट्र मंत्रालय आणि पुढे

परराष्ट्र मंत्रालय नागरिकांकडून थेट कागद घेत नाही. मंत्रालयाने नेमलेल्या सेवासंस्थांमार्फत ते जमा करावे लागतात. हे काम आता दिल्लीपुरते नसून मुंबईसह अनेक शहरांत होते. अपॉस्टिलचे शासकीय शुल्क दर कागदाला ५० रुपये आहे आणि साध्या साक्षांकनाला मंत्रालय शुल्क घेत नाही. त्यावर सेवासंस्थेचे ठरावीक सेवाशुल्क येते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण एजंट जेव्हा हजारोंचा दर सांगतो तेव्हा त्यातले शासनाचे किती आणि त्याच्या धावपळीचे किती, हे विचारता येते. धावपळीचे पैसे घेण्यात गैर काही नाही. रत्नागिरीहून तीन वेळा मुंबईला मंत्रालयात खेटे घालण्यापेक्षा ते स्वस्तही पडू शकते. मात्र पावतीवर प्रत्येक कागदाचे नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा आणि मूळ कागद हाती देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन करून ठेवावे.

ज्यांची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये किंवा संस्थेच्या संगणकीय नोंदीत आहेत त्यांच्यासाठी ई-सनद ही ऑनलाइन सोय आहे. तिच्यात कागद देणाऱ्या संस्थेकडूनच पडताळणी मागवली जाते. आपली संस्था तिच्याशी जोडलेली आहे का, हे संकेतस्थळावर पाहून मगच तिच्या भरवशावर बसावे.

अपॉस्टिल होऊन आले की त्याच दिवशी त्यावरील क्रमांक आणि तारीख घालून परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-नोंदवहीत ते तपासावे. नोंद सापडली नाही, तर कागद कितीही देखणा असला तरी तो परत न्यावा. खोटे शिक्के विकले जातात, आणि ते परदेशातल्या खिडकीवर उघडे पडले तर दोष एजंटच्या नव्हे, अर्जदाराच्या नावे जमा होतो. नावातील प्रत्येक अक्षर, विद्यापीठाचे नाव आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद पुन्हा एकदा वाचावे. चूक इथे सापडली तर आठवड्यात सुधारते, दुबईत सापडली तर कागद कुरिअरने परत येतो.

चिकटवलेला कागद सोलून काढू नये, त्यावर टेप लावू नये, त्याला भोक पाडून फाइलमध्ये अडकवू नये, आणि अर्थातच आता तरी लॅमिनेट करू नये. अमिराती, कुवेत किंवा कतारला जाणाऱ्याने तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का अजून बाकी आहे हे ध्यानात ठेवून मागच्या बाजूला तेवढी जागा मोकळी आहे का ते पाहावे. प्रवासात मूळ कागद मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या कडक फोल्डरमध्ये ठेवावेत, आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती घरी कोणातरी एकाकडे असाव्यात.